कपाटातले पाहुणे

१

मोठ्या बाईंनी कपाटाची किल्ली फिरवली, दार कुरकुरलं आणि त्या ओरडल्या, "अगं बाई, गेले!"

मागून विज्ञानाचे सर धावले, तपासनीस बाई पुढे झाल्या. दार पुरतं उघडल्यावर सगळ्यांनाच दिसलं, की कपाट रिकामं आहे.

"गेले म्हणजे? कोण गेले?" दारातून मामांनी विचारलं. मामा हे प्रयोगशाळेचे शिपाई. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून शिक्षकही म्हणायचे.

"सूक्ष्मदर्शक, मामा! सगळेच्या सगळे चोरीला गेले! आणि नेमके आज!"

आज म्हणजे तपासणीच्या दिवशी. यातलं दुःख कळायला दोन नियम आधी सांगायला हवेत. शिक्षण विभागाचा पहिला नियम असा, की ज्या शाळेत चालू प्रयोगशाळा, तिथेच दहावीपुढे विज्ञानाचे वर्ग. दुसरा असा, की मुलानं आपल्या राहत्या भागातल्याच शाळेत शिकायचं. दोन्ही नियम करणाऱ्यांच्या मनात चांगलंच असणार. कुणाचं मन वाईट असं एकदम म्हणू नये. पण दोन भली माणसं अरुंद दारातून एकदम शिरायला गेली, की मध्ये उभं असलेलं लेकरू चेंगरतं. या भागात राहत होती ती शिलाई कारखान्यात आणि गोदामात राबणारी माणसं. शाळेची प्रयोगशाळा गेली, की त्यांच्या पोरांना उरायची ती कार्यशाळेची बाजू: मुलींना शिवण, मुलांना जोडारी, म्हणजे फिटरचं काम. काम कुठलंच हलकं नसतं, बाबांनो. पण आवडीनं उचललेलं काम वेगळं आणि नियमानं हातात कोंबलेलं वेगळं.

"मॅडम, यंत्रं गेली म्हणजे आमचं सायन्स गेलं का?"

व्हरांड्यातून हा प्रश्न आला. विचारणारी दहावीतली चष्मेवाली पोरगी होती. ती सदान्‌कदा काहीतरी विचारायची म्हणून अख्खी शाळा तिला शंकासुर म्हणायची.

"तू वर्गात जा गं!" मोठ्या बाई खेकसल्या.

तपासनीस बाईंनी त्या पोरीकडे क्षणभर पाहिलं, मग कपाटात वाकल्या. ठेंगणी, शांत बाई. आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"हे सूक्ष्मदर्शक इथे केव्हापासून होते म्हणालात?"

"शाळा निघाली तेव्हापासून. याच फळीवर."

"वर्षानुवर्षं एका जागी बसलेली वस्तू उचलली, की तिच्या बुडाखालची फळी स्वच्छ निघते. इथे त्यांच्या पेट्यांचे चौकोन उमटलेत, पण चौकोनांच्या आतही धूळ आहे. नुसती चेपलेली." त्यांनी बोट पुसलं. "धूळ आधी आली, मोठ्या बाई, पेट्या नंतर. तुमचे सूक्ष्मदर्शक या कपाटात फार तर काल आले."

२

यावर पहिला बोलला तो टेबलावरचा फोन. सरांनी गडबडीत तो उचलला आणि गडबडीतच नको ते बटण दाबलं. पलीकडचा दणदणीत आवाज खोलीभर झाला.

"अहो, पाहुणे निघाले की नाही? उद्या आमच्याकडे त्या बाईची स्वारी आहे! मागच्या वेळी ऐनवेळी पाठवलेत, माझा जीव टांगणीला!"

"ती बाई इथेच उभी आहे," तपासनीस बाई म्हणाल्या.

फोन पटकन बंद झाला.

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. "आता झाकून काय करू? या सगळ्या भागात मिळून एकच संच आहे, मॅडम. प्रत्येक शाळेच्या नावावर एकेक चढला, प्रत्यक्षात गाडीतून एकच उतरला. आम्ही विचारायला गेलो, तर म्हणाले, नोंद आहे म्हणजे वस्तू आहे. परत विचारलं, तर म्हणाले, मग तुम्हीच हरवली असेल. तेव्हापासून वाटून घेतो. तुम्ही जिथे जाणार, तिथे पाहुणे एक मुक्काम आधी पोचतात."

"आणि मी गेले, की?"

"की पुढच्या गावी. पोरांना हात लावू देत नाही. फुटला तर सगळ्याच शाळा बुडाल्या."

तपासनीस बाईंनी रागवायला हवं होतं. सर तर मान खाली घालून वाटच बघत होते. पण बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना एक तुटकं चाक आठवत होतं. एका सूक्ष्मदर्शकाचं फोकसचं चाक तडकलं होतं आणि कुणीतरी त्याला हिरव्या दोऱ्याचा विळखा घातला होता. तो दोरा त्यांनी एका शाळेत पाहिला होता. मग दुसऱ्या शाळेतही पाहिला होता. हा आपण कुठेतरी बघितलाय, असं मनात आलंही होतं. तेवढ्यात चहा आला होता, आणि चहाबरोबर सहीचा कागद.

माणसाच्या आत एक साक्षीदार बसलेला असतो. तो ओरडत नाही. एकदा हळूच बोलतो आणि आपण ऐकलं नाही, तर गप्प बसून बघत राहतो. बाईंना आता त्याची नजर पाठीला जाणवत होती.

"पाहुणे कुणाचे ते कळलं," त्या वळून म्हणाल्या. "आता नेले कुणी ते सांगा. कपाटाच्या किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे, एक सरांकडे."

"आणि सर आज सगळ्यांच्या आधी आले होते," मामा बोलून गेले. मग त्यांनी जीभ चावली.

३

सरांशी बोलण्याआधी तपासनीस बाई शिवणाच्या खोलीकडे गेल्या, कारण सबंध शाळेत तेवढ्याच खोलीला कुलूप होतं.

शिवणबाई किल्ली घेऊन फणकारत आल्या. "उघडते, मॅडम. पण माझं नाव घेऊ नका. मोठ्या बाईंचा हुकूम आहे, आज वर्ग नाही, खोली बंद. का, तर तपासणीत गडबड नको. माझ्या मशिनी काय गाणी म्हणतात?"

खोली नेटकी होती. पायमशिनींची रांग भिंतीशी उभी होती आणि प्रत्येकीवर मुलींनी शिवलेली फुलाफुलांची खोळ होती. मशिनींच्या खालच्या चाकांवरच्या चामडी वाद्या कुठे ताठ वर गेलेल्या, कुठे जमिनीवर लोळत पडलेल्या.

"वाद्या सुटल्यात काही."

"काहींची डोकी दुरुस्तीला गेलीत. येतील तेव्हा येतील. आमच्याकडे गेलेली वस्तू परत आली, की मी आधी चिमटा काढून बघते स्वप्न आहे का."

दारात शंकासुर उभी होती.

"तू वर्गात का नाहीस?"

"मावशीला डबा द्यायला आले." डबा तिच्या हातात नव्हता.

"ही माझी भाची," शिवणबाई म्हणाल्या. त्यांचा फणकारा एकदम मऊ झाला. "बहिणीची. आता माझीच म्हणा. हिला सायन्स घ्यायचंय. रक्त तपासतात ना, तिथे काम करायचंय. मी म्हटलं, शिवण शीक, मी आहे तोवर जागा आहे. तर म्हणते, मावशी, सुई दोन्हीकडे असते, पण मला ती दुसरी हवी."

तपासनीस बाईंना हसू आलं. "सूक्ष्मदर्शकातून बघितलंस कधी?"

पोरीनं मावशीकडे एक नजर टाकली. "हो तर. सर दाखवतात."

"छापील अक्षर ठेवून बघितलंस?"

"हो."

"कसं दिसलं?"

"कसं म्हणजे? असतं तसंच. नुसतं मोठं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या यंत्रातून अक्षर उलटं दिसतं, खालचं वर आणि डावीकडचं उजवीकडे. ज्यानं एकदा डोळा लावला, तो हे जन्मभर विसरत नाही. पोरगी शाळेची लाज राखायला खोटं बोलली होती, आणि किती विश्वासानं!

"चुकलं का माझं?" शंकासुरनं विचारलं.

"तुझं नाही गं."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. शिवणबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "पोलीस!"

४

मोठ्या बाईंनी सकाळीच फोन करून बोलावलेले हवालदार अनुभवी होते. आल्या आल्या त्यांनी कपाट पाहिलं नाही, धूळ पाहिली नाही, किल्ल्या विचारल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "शिपाई कोण?"

मामा पुढे झाले. हात आपोआप जोडले गेले होते.

"रात्री फाटकाला कोण असतं?"

"मीच, साहेब."

"म्हणजे फाटकाला तू, खोली झाडायला तू. चल, गाडीत बसून बोलू."

"साहेब, मी पोरांची शपथ घेऊन..."

"गाडीत शपथ घेता येते."

तपासनीस बाईंचं लक्ष त्या वेळी मामांकडे नव्हतं, मोठ्या बाईंकडे होतं. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. हे असं होईल याचा विचारच केला नव्हता, असा चेहरा. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी दुसराच आवाज आला.

"त्यांना सोडा. सूक्ष्मदर्शक मी घेतले."

विज्ञानाचे सर होते. चष्मा काढून हातात धरला होता, जणू समोरच्यांचे चेहरे दिसू नयेत म्हणून.

"सर, तुम्ही?" मामांनी त्यांचाच हात धरला. "काहीतरीच काय बोलता!"

"सकाळी लवकर आलो, माझ्या किल्लीनं कपाट उघडलं आणि नेले. विकायला. लिहून घ्या."

हवालदारांनी खुशीत पेन काढलं. चोर आपल्या पायांनी आला, की कुणाला आनंद होत नाही?

"जरा थांबा," तपासनीस बाई म्हणाल्या. "सर, तुमची किल्ली आणा. मला एकदा कपाट उघडून दाखवा."

५

सगळे पुन्हा प्रयोगशाळेत जमले. मोठ्या बाईंनी कपाट बंद केलं. सरांनी किल्ली घातली, फिरवली. फिरली नाही. उलटी करून घातली. नेट लावला. कपाळावर घाम आला.

"घाईत कधी कधी अडकते," ते पुटपुटले.

"अडकत नाही, सर. ती या कुलपाचीच नाही." तपासनीस बाईंनी दारावरच्या कुलपाच्या चकतीवर नख टेकलं. "दार जुनं, मूठ जुनी, ही चकती नवी. भोवती जुन्या चकतीचा डाग अजून दिसतोय. कुलूप कधीतरी बदललंय. मामा, केव्हा बदललं?"

"झाली की बरीच वर्षं. जुनं गंजलं होतं. नवी किल्ली मोठ्या बाईंकडे दिली होती. सरांना... सरांनी मागितली नाही कधी."

किल्ली सरांच्या हातातच राहिली.

"तुम्ही चोरी केली नाही, हे या किल्लीनं सिद्ध केलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण आणखीही एक सिद्ध केलं. विज्ञानाच्या शिक्षकानं इतकी वर्षं प्रयोगशाळेचं कपाट उघडून बघितलंच नाही."

चोर ठरताना सरांची मान ताठ होती. निर्दोष ठरल्यावर ती खाली गेली.

"काय बघायचं, मॅडम?" ते म्हणाले. "रिकामंच आहे हे माहीत होतं. फळ्यावर चित्र काढायचो. सुबक काढायचो. पोरं म्हणायची, सर, अगदी खऱ्यासारखं. त्यांनी खरं कुठे पाहिलं होतं? मामांना न्यायला लागले तेव्हा वाटलं, एका गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्या गुन्ह्याच्या नावावर भोगून टाकू. बाकी चुकती होईल."

"अशी चुकती होत नाही, सर."

"मग चोर कोण?" हवालदार वैतागले. "हा नाही, तो नाही. वस्तू काय पाय फुटून गेली?"

"गेलीच नाही ती," तपासनीस बाई म्हणाल्या. "चला, दाखवते."

६

शिवणाच्या खोलीत त्या रांगेतून सावकाश चालत गेल्या आणि जिची वादी जमिनीवर लोळत होती, त्या मशिनीपाशी थांबल्या.

"वादी वर चढवलेली आहे, तिथे खोळीखाली मशीन आहे. वादी खाली पडलीय, तिथलं डोकं दुरुस्तीला गेलंय. मग डोकं नसलेल्या टेबलावर ही खोळ एवढी फुगलीय कशानं?"

त्यांनी खोळ उचलली. खाली लाकडी पेटी होती. शिवणबाईंच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं आणि त्यांनी पुढची खोळ स्वतःच ओढली. तिथेही पेटी. त्याच्या पुढेही.

"मॅडम, माझ्या भाचीची शपथ, मला यातलं काही..."

"तुम्हाला माहीत असतं, तर वाद्यांची गोष्ट तुम्ही मला सांगितलीच नसती." बाई वळल्या. "नवी किल्ली एकीकडेच. ही खोली बंद ठेवायचा हुकूमही एकीचाच. आणि सकाळी कपाटाचं दार पुरतं उघडायच्या आधीच एकजण ओरडल्या, गेले म्हणून. आत बघण्याआधी त्यांना कसं कळलं, मोठ्या बाई?"

मोठ्या बाईंनी काही नाकारलं नाही. एका पायमशिनीच्या स्टुलावर त्या बसल्या आणि एकदम थकलेल्या दिसू लागल्या.

"नियम तुम्हालाही माहीत आहे, मॅडम. नोंदीवरची वस्तू चोरीला गेली किंवा जळाली, तरच नवी मिळते. शाळा जाळायचं धाडस झालं नाही."

कुणी हसलं नाही.

"मागे साडी घ्यायला दुकानात गेले होते. घड्या घालणारी पोरगी म्हणाली, बाई, ओळखलंत? आमच्या शाळेची पहिली आलेली मुलगी. विज्ञानात सगळ्यांत वर. म्हटलं, तू कॉलेजात होतीस ना? म्हणाली, पहिल्याच प्रात्यक्षिकाला सूक्ष्मदर्शक पुढे ठेवला, बाई, आणि मला कुठून बघायचं ते कळेना. मी खालून डोळा लावला. सगळे इतके हसले! पुढे काही दिवस गेले मी, मग जाणं सुटलं." मोठ्या बाईंनी डोळे पुसले. "रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं साडीची घडी घातली आणि मला विचारलं, बाई, माझे मार्क खरे होते ना?"

"काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. आणि साडी न घेता घरी आले."

हवालदारांनी पेन खिशात ठेवलं. "म्हणजे आता माझी तक्रार कुणाविरुद्ध?"

"तक्रार नाही. वस्तू सापडली."

"आणि चोर?"

"ते सगळे न्यायला तुमची गाडी पुरणार नाही, हवालदारसाहेब."

७

गाडी गेल्यावर मोठ्या बाईंनी तपासनीस बाईंचा हात धरला. "अजून वेळ गेलेली नाही. चोरी लिहा. तुमची एक सही, आणि या पोरांना खरी यंत्रं मिळतील. मी पाया पडते."

"आणि चोर म्हणून कुणाचं नाव लिहू? मामांचं? चोरी मागवलीत, तेव्हा तिला चोरही लागतो हे विसरलात ना?"

मामा दाराशी उभे होते. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि हात सोडला. "चुकले, मामा."

"असू दे, बाई," मामा म्हणाले. पण नेहमीसारखं हसून म्हणाले नाहीत.

"शिवाय तुमच्या शाळेला नवी यंत्रं आली, तर पलीकडच्या शाळेतल्या पोरांनी काय करायचं?" तपासनीस बाई टेबलाशी बसल्या. "मी खरं लिहिणार आहे. सगळ्या शाळांचं. एकच संच फिरत होता आणि प्रत्येक ठिकाणी पाहून सही कुणी केली, तर मी. माझं नाव सगळ्यांत वर. मला ओळखू आला होता तो. त्याचा हिरवा दोरा ओळखू आला होता आणि मी चहा प्यायले."

त्यांनी लिहायला घेतलं. संच जप्त, असं लिहिलं. जप्त केलेली वस्तू निकाल लागेपर्यंत सापडल्या जागेवरून हलवता येत नाही. म्हणजे पाहुण्यांचा फिरता मुक्काम संपला. निकाल लागेपर्यंत यंत्रं शिकवायला वापरावीत आणि बाकीच्या शाळांची पोरं आळीपाळीनं इथे आणावीत, असंही त्यांनी लिहून टाकलं. त्यांच्या अधिकारात तेवढंच होतं.

"आणि शाळेची मान्यता?" सरांनी विचारलं.

"ती वर ठरेल. इतक्या शाळा एकदम बंद करणं त्यांनाही जड जाईल. पण खात्री देत नाही. खात्री देऊन झाली माझी इतकी वर्षं."

"म्हणजे मला सायन्स मिळणार की नाही?"

शंकासुर मावशीच्या मागून पुढे आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"माहीत नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "खोटी सही केली असती, तर नक्की मिळालं असतं."

"आणि मग कॉलेजात हसले असते."

"हो."

पोरीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "इतकी वर्षं सगळे खोटं बोललात. मग खरं बोलायला नेमकं आमचंच वर्ष सापडलं का?"

शिवणबाई "अगं, मोठ्यांशी असं..." म्हणाल्या आणि त्यांनाच पुढचं सुचलं नाही. सर खिडकीबाहेर बघू लागले. मोठ्या बाई जमिनीकडे.  देवापुढे उभं राहताना माणूस मनात काय काय सबबी जुळवत असेल. त्या पोरीपुढे त्यातली एकही टिकली नसती.

तपासनीस बाई उठल्या. एक पेटी उघडली, सूक्ष्मदर्शक उचलून खिडकीच्या उजेडात ठेवला आणि आपली खुर्ची ओढून पोरीपुढे केली.

"आमचं चुकलं," त्या म्हणाल्या.

शंकासुर बसली. चष्मा काढून तिनं मावशीच्या हातात दिला, बाहीनं डोळे पुसले आणि यंत्रावर वाकली.

"ते झालंच," ती म्हणाली. "आता यातलं कुठलं फिरवायचं ते सांगा."